अठ्ठेचाळीस मिनिटे

स्थानकातील महिलांच्या दालनात तिचे आसन ठरलेले असे: अगदी दाराजवळ, चपलांच्या मांडणीला लागून. चातुर्मासात पुढची जागा मिळावी म्हणून बायका लवकर येतात. ती लवकर येऊनही मागेच बसे. कोणी पुढे बोलावले, तर गुडघ्याचे कारण सांगे. गुडघे उत्तम होते. मुहपत्ती बांधून, पाठ म्हणून ती सामायिक घेई, समोरचे वाळूचे घड्याळ उलटे करी, आणि त्या क्षणापासून तिचे लक्ष नवकारावर नसे, वाळूवर असे. सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. पंधराव्या-सोळाव्या मिनिटाला ओटीपोटात निखारा फुलू लागे. विसाव्या मिनिटाला उठावेच लागे. लघुशंकेसाठी उठण्यास मनाई नाही. परत येऊन इरियावहियाचा पाठ म्हणून पुन्हा बसता येते. परंतु एका सामायिकात तीनदा उठणाऱ्या बाईकडे नजरा वळतातच. हळूहळू तिने सामायिक घरी करण्यास सुरुवात केली, आणि मग घरीही ते सुटले.

ती नगर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावातील साड्यांच्या दुकानदाराची पत्नी; घरातील मोठी सून. वय त्या वेळी ४४. लग्नसराईत दुकानाच्या वरच्या मजल्यावर, शालू-पैठण्यांच्या गादीवर ती बसे. गिऱ्हाईक म्हणजे नवरीसह आठ-दहा बायका; त्यांना साड्या उलगडून दाखवताना मध्येच उठणे म्हणजे झालेला सौदा हातचा घालवणे, हे तिला पुरते ठाऊक होते. दुकानात स्वच्छतागृह नव्हते. बाजारपेठेतील जुन्या दुकानांत ते बहुधा नसतेच. पुरुषांचे अडत नाही, आणि बायकांनी कधी विचारलेले नसते. घर मागच्या गल्लीत, चार मिनिटांच्या अंतरावर. तिने त्यावर व्यापारी घरातील सुनेला शोभेल असा उपाय काढला: खर्च कमी करण्याऐवजी जमाच बंद केली. सकाळी चहा, दुपारी जेवणानंतर अर्धा पेला पाणी, आणि सूर्यास्तानंतर चौविहार. दिवसभरात दोन पेले पाणीही पोटात जात नसे. मूत्र गडद होई, जळजळ वाढे, आणि वाढलेल्या जळजळीवर ती आणखी कमी पाणी पिई.

रात्री याहून वाईट. नऊ वेळा, दहा वेळा उठणे. सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून ती अंधारात भिंतीला हात लावून जाई. गरम पाण्याची रबरी पिशवी रोज ओटीपोटावर. शेकून शेकून तेथील त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग पडले होते. हे नऊ वर्षे चालले. नऊ वर्षांत तिने पतीला एवढेच सांगितले होते की, "मला जरा उन्हाळ लागते."

गावातील दवाखान्यात प्रत्येक वेळी जंतुसंसर्गाचे औषध मिळे. पाच दिवसांच्या गोळ्या, कधी सात. तपासणीचा कागद आला की त्यावर जंतू वाढले नाहीत असे लिहिलेले असे. तरी गोळ्या तशाच. एका मोठ्या शहरातील डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहून, रिपोर्ट तिच्या हाती परत देत, मन कुठेतरी गुंतवा, असा सल्ला दिला. तिचे मन कुठे गुंतलेले नव्हते? दोन मुले, सासू-सासरे, चाळीस साड्यांचे भाव तोंडपाठ.

या दुखण्याला नाव आहे, आणि ते नवे नाही. इंटरस्टिशियल सिस्टायटिस हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकीय लेखनात आला. १९१५ च्या सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोर येथील गाय हनर या स्त्रीरोगतज्ज्ञाने अशा स्त्रियांच्या मूत्राशयाच्या आतील भिंतीवर व्रण पाहिले आणि त्यांचे वर्णन केले. पुढे त्या व्रणांना त्याचेच नाव मिळाले. यातून रुग्णांचे भले व्हावयास हवे होते, झाले उलटेच. व्रण थोड्याच स्त्रियांत आढळतात. उरलेल्यांच्या मूत्राशयात दुर्बिणीतून विशेष काही दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते मनाचे, असा हिशोब कित्येक दशके चालला. १९७० च्या दशकातील नामांकित पाठ्यपुस्तकांतही या रोगाचा संबंध भावनिक क्षोभाशी जोडलेला होता. अमेरिकेत विकी रॅटनर ही वैद्यकीय विद्यार्थिनी अनेक तज्ज्ञांकडून निराश होऊन परतली, तेव्हा तिने ग्रंथालयात बसून आपला रोग आपणच शोधून काढला आणि १९८४ मध्ये रुग्णांची संघटना उभी केली. आज डॉक्टर याला मूत्राशय-वेदना, ब्लॅडर पेन सिंड्रोम, असेही म्हणतात. मूत्राशय भरू लागले की वेदना, दाब किंवा जळजळ, रिकामे केले की थोडा उतार, सहा आठवड्यांहून अधिक काळ हेच चालू, आणि जंतुसंसर्ग किंवा दुसरे उघड कारण नाही, अशी त्याची साधारण ओळख.

'दुसरे कारण नाही' हे शब्द सहज वाचून पुढे जाण्यासारखे नाहीत. मुतखडा, मूत्राशयाचा कर्करोग, गर्भाशयाच्या अस्तराचा विकार आणि आपल्या देशात विशेषेकरून मूत्रमार्गाचा क्षयरोग, यांची लक्षणे अशीच असू शकतात. ते सारे तपासून बाजूला काढल्याखेरीज हे नाव लावता येत नाही.

तिने मात्र नाव कळण्याआधीच यंत्र आणले. भाच्याने मोबाइलवर शोधून दिले. गुपचूप मागवले, गुपचूप उघडले. शरीराच्या आत ठेवण्याची, विजेच्या सौम्य झटक्यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायला लावणारी ती वस्तू होती. खोक्यावर हसऱ्या बाईचे चित्र आणि लघवीवरील ताब्याचे आश्वासन. तिने पंधरा दिवस नेमाने वापरले. सोबत कुठेतरी पाहिलेला आवळण्याचा व्यायामही केला, दिवसातून शंभर वेळा. सोळाव्या दिवशी तिला दुकानाचा जिना चढता येईना.

यंत्र खोटे नव्हते. ते दुसऱ्या दुखण्याचे होते. बाळंतपणानंतर किंवा वयोमानाने स्नायू सैल पडून ज्यांना शिंकताना, खोकताना लघवी गळते, त्यांच्यासाठी आवळणे उपयोगी. जुनाट वेदना असलेल्या अनेक स्त्रियांत परिस्थिती अगदी उलट असते: वर्षानुवर्षे वेदना आणि वेग आवरून धरल्यामुळे ते स्नायू मूठ वळल्यासारखे घट्ट झालेले असतात. वळलेल्या मुठीला आणखी वळायला शिकवले, तर बोटे सुटणार कशी? अशा रुग्णांनी आवळण्याचे व्यायाम टाळावेत, असे अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे. भाच्याचा दोष नाही. त्याला मावशीने दुखणे सांगितलेच नव्हते. 'लघवीचा त्रास' एवढेच सांगितले होते.

जिना चढता येईना, तेव्हा प्रकरण लपेना. मुलीने हट्ट धरला, आणि दोघी पुण्याला गेल्या. तेथील मूत्ररोगतज्ज्ञ बाईंनी तासभर ऐकले, मग मूत्राच्या तपासण्या लिहून दिल्या, क्षयरोगासाठीही. पुढे दुर्बिणीतून मूत्राशय पाहिले. औषध मात्र त्या दिवशी काहीच दिले नाही. एक काम दिले. तीन दिवस, तीन रात्री, प्रत्येक वेळची नोंद: किती वाजता, मापाच्या भांड्यात किती मिलिलीटर, वेदना दहापैकी किती, आणि काय खाल्ले-प्यायले.

घरी कोऱ्या कागदाची वाण नव्हती. तिने पाडव्याच्या वेळची उरलेली लाल कापडी बांधणीची चोपडी घेतली, सवयीने वर शुभ-लाभ लिहिले, मग संकोचून पान उलटले, आणि पुढच्या पानावर चार रकाने आखले. पहाटे ५.१०, ७० मिलिलीटर, वेदना ७. पहाटे ५.५०, ६० मिलिलीटर, वेदना ६. निरोगी प्रौढ मूत्राशयात चारशे-पाचशे मिलिलीटर सहज मावते, हे तिला नंतर कळले. तिचे साठ-सत्तरावरच ओरडत होते.

ती चोपडी तिसऱ्या रात्री दिवाणखान्यातील मेजावर राहिली. पती दुकानाचा रोजमेळ जुळवायला बसले होते. तशीच वही म्हणून त्यांनी ती उघडली. ज्या माणसाने नऊ वर्षे 'उन्हाळ' हा शब्द ऐकून मान डोलावली होती, त्याच्यासमोर आता तारीख, वेळ आणि आकडे होते, आणि आकड्यांवर अविश्वास दाखवणे त्यांच्या रक्तात नव्हते. सवयीप्रमाणे त्यांनी रकान्याखाली रेघ ओढून बेरीज केली. २४ तासांत २९. त्यांपैकी रात्री ९. त्यांना वाटले, आकडा चुकला. पुन्हा बेरीज केली. मग वही मिटून जागेवर ठेवली, आणि त्या रात्री प्रत्येक वेळी ती उठली तेव्हा ते जागे होते. कोणी काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात दुकानाच्या मागील खोलीतले गठ्ठे हलवून तिथे गवंडी आला. दुकानात स्वच्छतागृह झाले. ते झाल्यावर उघडकीस आले की, कामावरच्या चारही मुली सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी परत जाईपर्यंत पाणी पीत नव्हत्या. त्यांनाही कोणी विचारले नव्हते, तिनेसुद्धा नाही.

तपासण्या निर्दोष निघाल्या. व्रण नव्हते, क्षय नव्हता. तज्ज्ञांनी रात्री घ्यायची एक लहान गोळी दिली, आणि तिला स्त्रियांच्या या दुखण्यांचे शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. त्यांनी तपासून सांगितले की स्नायू कमालीचे ताठ आहेत. पहिले काम सैल सोडण्याचे: पाठीवर झोपून, गुडघे उशीवर टेकवून, श्वास पोटात खाली उतरू द्यायचा आणि त्याबरोबर ओटीपोटाचा तळ उघडतो आहे असे जाणवेपर्यंत थांबायचे. ज्या बाईने आयुष्यभर आवरून धरण्यालाच शहाणपण मानले, तिला सोडून देणे शिकायला तीन आठवडे लागले.

मग दुसरे यंत्र आले, टेन्सचे. मोबाइलपेक्षा थोडे जाड, दोन तारा, तारांच्या टोकाला चिकट पट्ट्या. किंमत एका मध्यम साडीइतकी. शरीराच्या आत काही नाही. पट्ट्या लावायच्या पायाला: एक आतील बाजूच्या घोट्याच्या हाडामागे, दुसरी त्याच पायावर सुमारे दहा सेंटीमीटर वर. मूत्राशयाचे दुखणे आणि उपचार पायाला, हे ऐकून सासूबाईंना हसू आले होते. कारण मात्र सरळ आहे. घोट्यामागून जाणारी टिबियल मज्जा पाठीच्या कण्याच्या ज्या खालच्या मुळांतून निघते, त्यांतील काही मुळे मूत्राशयाच्या मज्जांचीही आहेत. घोट्याकडून सौम्य, एकसारखा संदेश वर जात राहिला, तर मूत्राशयाकडून येणारा आक्रोश काही अंशी दबतो. वेदनेचा संदेश मेंदूकडे जाण्याआधी मज्जारज्जूत जणू एक दार आहे आणि दुसरी संवेदना ते दार लोटून घेऊ शकते, ही कल्पना रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडली. टेन्सच्या वापराला बळ मिळाले ते तिच्यामुळे. १९८० च्या सुमारास स्वीडनमधील माग्नुस फाल आणि त्यांचे सहकारी दुखऱ्या मूत्राशयावर विजेच्या उत्तेजनाचे प्रयोग करीत होते. पुढे त्यांनी ओटीपोटावर पट्ट्या लावून हा उपचार रुग्णांना दीर्घकाळ दिला, आणि ज्यांना व्रण होते त्यांना अधिक गुण आला, असे नोंदवले. सतत लघवीची घाई होते त्या विकारात घोट्याच्या मज्जेचा उपचार आता चांगला रुजला आहे. वेदनेच्या बाबतीत अभ्यास कमी आणि लहान आहेत. काहींना उतार पडतो, काहींना काहीच नाही. फिजिओथेरपिस्टनी हे पहिल्याच दिवशी सांगितले, आणि १२ आठवडे दिल्याखेरीज निकाल काढू नका, असेही बजावले.

पहिल्या दिवशी पट्ट्या चिकटल्याच नाहीत, कारण पायांना रात्रीचे तेल होते. साबणाने धुऊन, कोरडे करून पुन्हा लावल्या, तर नुसती पोटरी उडू लागली. पट्टी बोटभर मागे सरकवली, तेव्हा तळव्यात मुंग्या आल्या आणि अंगठा आपोआप हलला. तीच जागा. चाती वाढवायची ती दुखेपर्यंत नाही, मुंग्या ठसठशीत जाणवतील इतकीच. ३० मिनिटे. एक दिवस डावा पाय, एक दिवस उजवा, म्हणजे त्वचेवर पुरळ येत नाही. पट्टीचा चिकटपणा गेला की ओले बोट फिरवायचे. तेवढ्याने भागेना, तर नवी घ्यायची, तिथे काटकसर नाही. हृदयात पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील, तर हे यंत्र लावायचे नाही. अपस्माराचे झटके येत असतील, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून नाही. जखमेवर, ओल्या अंगावर किंवा झोपेत तर कुणीच नाही.

वेळ ठरली पहाटेची, नवकारसीच्या आधीची. अर्धा तास ती खुर्चीत बसे, पाय चौरंगावर, आणि घर तिच्याभोवती चाले. सुरुवातीला हे घराला जड गेले. दूधवाला, डबे, पूजेची फुले, साऱ्यांना तीच हवी. धाकट्या जाऊबाई दुसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "भाभी, ती तार काढून जरा गॅस पाहता का?" सासूबाई आतून उठून आल्या आणि गॅस त्यांनीच पाहिला. पुढे कित्येक दिवस कुणी तिला हाक मारली नाही. यंत्राचा गुण किती आणि या अर्ध्या तासाचा किती, हे वेगळे काढता येणार नाही.

चार आठवडे चोपडीतील आकडे हलले नाहीत. तिने यंत्र खोक्यात भरूनही ठेवले होते. पती रोज रात्री रोजमेळानंतर तिची बेरीज करीत; त्यांनीच दाखवून दिले की रात्रीचा आकडा नऊचा सात झाला आहे, तिच्या लक्षात आले नव्हते. बाराव्या आठवड्यात तो चारवर होता. एका वेळचे माप १५० मिलिलीटरवर गेले. वेदना सातावरून चारावर आली आणि तिथे थांबली. मध्येच, पर्युषणात, टोमॅटोची चटणी आणि लिंबाचे सरबत लागोपाठ झाले, तर पुन्हा आठवडाभर सारे पूर्वीसारखे. मग तिने रकान्यांवरून शोधून काढले की चहा आणि आंबट तिला सोसत नाही, पण मिरची, जिची तिला भीती होती, ती थोडी चालते. प्रत्येकीचे हे निराळे असते. दुसरीची यादी उपयोगी पडत नाही.

चौविहाराचा प्रश्न तिला सर्वांत अधिक टोचत होता. व्रतामुळेच हे झाले, असे कुणी म्हणाले असते, तर तिने उपचार सोडला असता, व्रत नाही. पुण्याच्या डॉक्टर बाई जैन नव्हत्या, तरी त्यांनी वेळा नीट विचारून घेतल्या आणि म्हणाल्या, रात्री पाणी न पिणे या दुखण्यात उलट सोयीचेच. चूक आहे ती दिवसा न पिण्याची. नवकारसीपासून सूर्यास्तापर्यंत उकळून गार केलेले पाणी थोडे थोडे, घोटाघोटाने, दीड लिटरपर्यंत. राहिली रात्रीची गोळी. चातुर्मासासाठी आलेल्या महासतीजींना तिने खाली मान घालून विचारले. त्यांनी पच्चक्खाणातील आगारांची आठवण दिली: आजारपणात समाधी टिकावी म्हणून सूट आधीच ठेवलेली आहे, ती मागण्यात दोष नाही. मग त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली, किती वर्षे हे सोसते आहेस? "नऊ," असे ती म्हणाली, तेव्हा महासतीजी काही वेळ काहीच बोलल्या नाहीत.

सामायिकात विजेच्या वस्तूला स्पर्श नको, म्हणून यंत्र आधी आटोपून, तारा गुंडाळून, मगच ती आसन घाली. पहिल्यांदा वाळू अर्ध्यावर आली तेव्हा उठावे लागले. पुढे ३५ मिनिटे निभली. मार्गशीर्षातील एका सकाळी वरचा काचगोल रिकामा झाला आणि ती अजून बसलेली होती. तिने घड्याळ हलवून पाहिले, कण कुठे अडकला तर नाही ना.

त्यानंतरही वाईट दिवस आले. लग्नसराईत येतात, प्रवासात येतात. शिखरजीची यात्रा तिने अजून केलेली नाही.

गेल्या चातुर्मासात व्याख्यान संपल्यावर एक ओळखीची बाई चपला शोधण्याच्या निमित्ताने तिच्याजवळ रेंगाळली. तिच्या सुनेलाही असेच होते, रात्री आठ-आठ वेळा उठते, कुणाला सांगत नाही. तुमचे ते मशीन चार दिवस मिळेल का?

तिने यंत्र दिले नाही. त्या बाईला ते लागले, घरी जाताना चेहऱ्यावर दिसले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः त्यांच्या घरी गेली, सुनेच्या खोलीत बसली, दार लावून घेतले. जाताना पिशवीत पुण्याच्या डॉक्टरांचा पत्ता होता, एक मापाचे भांडे होते आणि लाल बांधणीची कोरी चोपडी होती. पहिल्या पानावरचे चार रकाने तिने घरूनच आखून आणले होते.